टाकीच्या आत अठरा

त्या गुरुवारी आयटीआयला उन्हाची सुट्टी मिळाली नसती, तर हेमंत उमाठे अजून दहा वर्षं सुखानं फसत राहिला असता.

२०४१ सालचा मे महिना, आणि गाव नागपूर. पारा सत्तेचाळीसच्या वर गेला की वर्ग बंद ठेवायचा नियम होऊन चार वर्षं झाली होती. हेमंत दर गुरुवारी तिथे पोरांना फ्रिज-एसीचं काम शिकवायला जायचा, तो त्या दिवशी पहिल्यांदाच घरी राहिला. दूध डेअरीच्या शीतगृहात छत्तीस वर्षं काढून रिटायर झालेला माणूस. त्याची बायको मंजूषा सकाळीच बहिणीकडे गेली होती. घरात तो एकटा, लुंगी-बनियनवर, हातात बिनसाखरेचा चहा. चौदा महिन्यांपूर्वी शुगर निघाली तेव्हापासून हा चहा तो तोंड वाकडं करत पीत होता, आणि रोज पहाटे चार किलोमीटर चालतही होता.

दहा चाळीसला मागच्या खोलीतून घरघर ऐकू आली.

मागच्या खोलीत त्याची बिअरची टाकी होती. घरी बिअर करायचा परवाना मिळू लागल्यापासून नागपुरात गल्लोगल्ली असे कारागीर झाले होते, पण संत्र्याच्या सालीची बिअर म्हटलं की लोक उमाठ्यांचंच नाव घेत. वीस लिटरची स्टीलची टाकी, तिच्या अंगावर जाडजूड जाकीट, आणि जाकिटाला जोडलेलं ‘राखण’ नावाचं यंत्र. जाकिटातून थंड पाणी फिरवायचं आणि आतलं तापमान सांभाळायचं, एवढंच तिचं काम.

एवढंच म्हणायचं, पण घरच्या बिअरची सगळी अब्रू त्यात असते. यीस्ट जिवंत असतं. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूच्या, गोड पाण्यातली साखर ते खातं, दारू सोडतं आणि खाता खाता स्वतः तापतं. खोली वीस अंशांवर असली तरी टाकीच्या पोटात चोवीस-पंचवीस सहज होतात. पहिल्या तीन दिवसांत ते असं तापलं की बिअरला पिकल्या केळ्याचा वास येतो. आणखी तापलं तर नेलपॉलिशचा, आणि ती पिणारा दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो. अठरावर ठेवलं तर ते शहाण्यासारखं वागतं.

पण वीस लिटर रसाला निवायला वेळ लागतो. आतला आकडा चढलेला दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून राखण गरमी यायच्या आधीच कामाला लागे, आणि त्यासाठी ती घर शिकून घेई. पश्चिमेची भिंत कधी तापते, कूलर कधी लागतो, माणसं कधी येतात. नुसता उभा असलेला माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा. बंद खोलीत असे दोन दिवे वीस मिनिटं जळले तरी हवा बदलते. राखणला कोणाचं नाव ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी घरात एक, दोन, तीन असे दिवे होते, आणि प्रत्येकाची ऊब, उंची, उभं राहायची जागा तिला पाठ होती.

म्हणजे ती घरघर कोणाच्या तरी येण्याच्या तयारीची होती. हेमंत चक्रावला. भिंत तापायला अजून चार तास होते, आणि घरात येणारं कोणी नव्हतं.

त्यानं फोनवर राखणचं ‘घराची वही’ नावाचं पान उघडलं. ते कोणी कधी उघडत नाही. तिथे अंदाज लिहिला होता : आज, अकरा वाजता, दोन आणि तीन, वीस मिनिटं. तो मागे मागे गेला. मागचा गुरुवार, दोन आणि तीन. त्याच्या मागचा गुरुवार, दोन आणि तीन. चौदा महिने, एकही गुरुवार चुकला नव्हता. एक म्हणजे तो स्वतः. दोन म्हणजे मंजूषा, जी त्याच्यासमोर त्या खोलीत पाऊलही टाकत नसे. आणि हा तीन दर रविवारी संध्याकाळी सात वाजता पुढच्या खोलीत दिसत होता, कूलरसमोरच्या खुर्चीत. त्या खुर्चीत एकच माणूस बसायचा. शिरीष बोरकुटे, शाळेपासूनचा दोस्त.

कुठल्याही नवऱ्याच्या मनात पहिल्यांदा जे येईल ते त्याच्याही मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. साठी उलटल्यावर, बिअरच्या टाकीपाशी उभ्याउभ्या वीस मिनिटं? दुसरा विचार मात्र चटकन पटला. शिऱ्या आपलं यीस्ट चोरतोय, आणि मंजूषा भोळेपणानं त्याला दार उघडून देते.

तो तरातरा मागच्या खोलीत गेला. झाकण काढून बघितलं तर सालीची मलमलची पोटली निम्मी झालेली. सहा संत्र्यांची साल त्यानं स्वतः भरली होती. स्क्रीनवर बावीस दिसत होतं. सोमवारी टाकीतून काहीच वास येईना, यीस्ट रुसलंय असं समजून त्यानंच ते अठराचं बावीस केलं होतं. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं जाकिटाची चेन खाली ओढली आणि उघड्या स्टीलला हाताची पाठ लावली.

हात थबकला. बावीसच्या मानानं स्टील फारच गार होतं. छत्तीस वर्षं त्यानं शीतगृहाच्या पाइपांवर हाच हात ठेवला होता. कुठल्याही आकड्याला तो काटाच म्हणायचा, आणि काट्यावर त्याचा कधी पूर्ण भरवसा नसे. एकदा डेअरीत काटा चारवर अडकून बसला होता आणि आत दूध नासत होतं. हेमंतच्या हातानं ते पकडलं होतं. खोट्या काट्याची त्याला चीड होती. त्यानं कपाटातला जुना काचेचा थर्मामीटर काढून टाकीत सोडला आणि पाच मिनिटं वाट बघितली.

आत अठरा होते.

डोक्याला दुपट्टा गुंडाळून तो भर उन्हात दोन गल्ल्या ओलांडून शिरीषकडे गेला. शिरीष वीज केंद्रात मीटर-गेजांच्या खात्यात होता. आता वाळ्याच्या पडद्याआड बसून रेडिओ दुरुस्त करत होता.

“आत किती आहे बे?” हेमंतनं दारातूनच विचारलं.

“कायच्या आत?”

“टाकीच्या.”

शिरीषनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. चेहरा लपवायची कला त्याला कधी साधली नव्हती. “बस ना पहिले. पाणी पी.”

“काट्यावर बावीस अन् आत अठरा. हे काम मंजूला जमणारं नाही. तूच केलं.”

“केलं,” शिरीष म्हणाला. “नखाएवढं सर्किट आहे मागं. तू काही पण सेट कर, काटा तुझा आकडा दाखवते. यंत्र अठराच ठेवते.”

“कायले?”

“वहिनीले विचार न बाप्पा.”

“मी तुले विचारून राहिलो!”

शिरीषनं खिडकीबाहेर बघत सांगितलं. दोन वर्षांपूर्वी हेमंतच्या बिअरला केळ्याचा वास यायला लागला होता. मग नेलपॉलिशचा. प्रत्येक खेपेला जास्तच. संत्र्याची साल तो इतकी टाकायला लागला होता की घोट घेतला की जीभ कडू व्हायची. लोक त्याच्यासमोर वाहवा करायचे आणि ग्लास कुंडीत ओतायचे. यीस्ट रुसलेलं नव्हतं, साल कमी पडत नव्हती. त्याला वास येत नव्हता, आणि येत नाही हे कळतही नव्हतं. इतकं ते हळूहळू गेलं होतं.

“दर गुरुवारी वहिनी चव घेते. मी साल कमी करतो. मागच्या वर्षी बिअरच्या स्पर्धेत तुले पहिला नंबर मिळाला ना, ती बिअर...” तो बोलायचा थांबला.

“माझी नव्हती,” हेमंत म्हणाला.

घरी येऊन त्यानं पहिल्यांदा हिंगाची डबी उघडली. त्यात नाक खुपसलं. धूळ हुंगावी तसं वाटलं. मग देवघरातला कापूर चुरगळला. लसूण ठेचला. काही नाही. नाक गेलं याचं दुःख पुढे कधीतरी करता आलं असतं. आत्ता डोळ्यांसमोर येत होते ते सगळे रविवार. ग्लास उंचावून “मान गये उमाठे” म्हणणारा शिरीष, पदरानं ओठ टिपत हसणारी मंजूषा, आणि मध्ये पाटलासारखा मिशीला ताव देत बसलेला तो. गावभर हसं झालं असतं तर परवडलं असतं. हे घरात, प्रेमानं, वेळापत्रक लावून चाललं होतं.

मंजूषा संध्याकाळी आली. ओट्यावर हिंग, कापूर आणि ठेचलेला लसूण बघून तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. ती तडक आतल्या खोलीत गेली, आलमारी उघडली, नऊवारी साड्यांच्या खालून एक लिफाफा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.

चौदा महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट होता. “जनरल चेकअप आहे” म्हणून तिनं त्याला नेलं होतं आणि तिथे कागदाच्या पट्ट्या हुंगायला लावल्या होत्या तो दिवस त्याला आठवला. वासाची नस मंदावलेली. कंपवाताची ही सुरुवात असू शकते. तो पाच वर्षांनी येईल, पंधरा वर्षांनी येईल, कदाचित येणारही नाही. रोज भरपूर चालणं ठेवावं.

“डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं,” ती म्हणाली. “तुम्ही आत बुटाची लेस बांधत होते.”

“चालणं,” तो म्हणाला. “म्हणजे शुगर?”

तिनं रिपोर्टाची घडी घालायला घेतली.

“शुगर नाही मला?”

“नाही. चालायला लावायचं होतं, तर काही कारण पाहिजे होतं ना. अन् शुगर म्हटल्यावर साखरेचा चहा कसा देऊ मी?”

त्याला हसू फुटलं. चौदा महिने तो कडू चहा त्यानं निमूट गिळला होता. “मंजू, माझं नाक, माझा रोग. सगळ्या जगाला माहीत. माझ्या बिअरच्या टाकीला माहीत. अन् मला नाही?”

“तुमचं नाक म्हणजे तुमचा जीव होता हो. ते गेलं म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही खाटेला लागले असते.” मग तिचा आवाज चढला. “अन् मला कायले बोलून राहिले? बाबांच्या वेळी काय सांगितलं होतं आपण? अल्सर. कॅन्सरचा शब्द घरात काढायचा नाही अशी तुम्हीच सगळ्यांना शपथ घातली होती. मी नवी सून होते. मला हे तुम्हीच शिकवलं.”

बाबा शेवटच्या महिन्यात हेमंतच्या तोंडाकडे टक लावून बघायचे, आणि तो “अल्सर हळूहळू भरते, बाबा” म्हणत उशी नीट करायचा. बाबांना सगळं कळलं होतं का, हा प्रश्न त्यानं तेहेतीस वर्षं स्वतःला विचारला नव्हता.

“चुकलं तेव्हा,” तो शेवटी म्हणाला. “पण आता ऐक. मला आता नाक नाही. कोणाच्या तरी नाकावर जगावं लागेल. दूध उतू गेलं, गॅस सुटला, बिअर बिघडली, हे मला कोणीतरी सांगावं लागेल, अन् ते खरं असावं लागेल. एक माणूस पाहिजे, बस्. तू होशील?”

तिनं त्याचा हात घट्ट धरला. “आईशप्पथ. यापुढे एक खोटा शब्द नाही.”

दुसऱ्या दिवशी चहात साखर होती. ती जिभेला कळली. तेवढं अजून शाबूत होतं.

आठवडाभरानं त्यानं नवी बिअर लावली. शिरीषचं सर्किट आपण उखडून फेकलं असं दोघांना सांगितलं. “या खेपेला काटा माझा. हात माझा, अंदाज माझा. बिघडली तर बिघडली. तुम्ही फक्त खरं सांगा.” आणि स्क्रीनवर त्यानं सव्वीस ठेवलं.

सर्किट त्यानं उखडलं नव्हतं. काट्यावर सव्वीस, आत अठरा.

आपण हे का करतोय हे त्याला नीट सांगता आलं नसतं. बायकोची परीक्षा घेणं हलकटपणाचं आहे हे त्याला कळत होतं. पण एकदा काटा खोटा निघाला की हात लावून बघितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि इथे हात लावायला दुसरी जागा नव्हती. मंजूषा पाण्याच्या निमित्तानं खोलीच्या दारातून सव्वीसचा आकडा बघून जायची. रोज जायची. एकदा तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

तीन आठवडे झाले. सालही त्यानं बेतानं घातली होती, नाक शाबूत असतानाच्या जुन्या चिठ्ठीवर लिहिली होती तेवढीच. बाटल्या भरल्यावर एक बाटली नाव न लिहिता, नुसता नंबर टाकून, त्यानं नाशिकच्या एका परीक्षक बाईंना पाठवली. त्यांना ना उमाठे माहीत, ना त्यांचं नाक. चार दिवसांनी उत्तर आलं. ‘अगदी स्वच्छ. केळ्याचा मागमूस नाही. संत्र्याचा वास नेमका, हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा नेमका. घरच्या टाकीतून इतकं नेटकं काम क्वचित येतं.’ ते त्यानं कागदावर उतरवून बंडीच्या खिशात ठेवलं.

रविवारी सातला शिरीष आला. जरा बिचकतच आला, पण आपल्याच खुर्चीत बसला. हेमंतनं तीन ग्लास भरले. फेस छान धरला होता. मंजूषानं ग्लास नाकाशी नेला, मग एक घोट घेतला. घोट घेताना तिच्या भुवया किंचित वर गेल्या. चौतीस वर्षांच्या संसारात त्या भुवया त्याला तोंडपाठ होत्या. पहिल्या पावभाजीला, धाकट्या मुलीच्या निकालाला त्या अशाच वर गेल्या होत्या. तिला आवडली होती. आता म्हण, तो मनात म्हणाला. म्हणून टाक मंजू.

तिनं ग्लास खाली ठेवला. शिरीषकडे एकदा बघितलं. मग हेमंतकडे, अगदी सरळ.

“खरं सांगू?”

“खरंच सांग.”

“बिघडली हो. केळ्याचा वास येऊन राहिला.” तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “वाईट वाटून घेऊ नका. तुम्हीच म्हटलं खरं सांग म्हणून.”

शिरीषनं दुसरा घोट घेतला, तिच्याकडे बघितलं, मान खाली घातली. “येते थोडा. सव्वीस जरा जास्तच होते ना बे.”

हेमंत तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिथे लबाडी नव्हती. असती तर बरं झालं असतं. त्याला सगळं लख्ख दिसलं. छान म्हटलं तर आपल्याला वाटेल ही पुन्हा गोंजारतेय. म्हणून वाईट म्हणायचं. सव्वीस बघितलंय, त्यामुळे वाईटच असणार. जीभ काही का सांगेना. आपला विश्वास परत मिळावा एवढ्यासाठी ती खोटं बोलत होती, डोळ्यांत पाणी आणून. यापुढे ती चांगलं म्हणेल तेव्हाही त्याला कळणार नव्हतं, वाईट म्हणेल तेव्हाही नाही. बाबांना तो उशी नीट करायचा तेव्हा त्याचाही चेहरा असाच प्रामाणिक दिसत असेल. खिशातला कागद काढून टेबलावर आपटावा असं त्याच्या मनात आलं. हात खिशापर्यंत गेलाही.

“मग ओतून देतो,” तो म्हणाला.

“सगळी?” शिरीषनं विचारलं.

“बिघडली ना?”

शिरीषनं ग्लास खाली ठेवला. हेमंत मागच्या खोलीत गेला, बाटल्यांचा क्रेट ओढत मोरीपाशी आणला आणि बसला. मंजूषा मागोमाग येऊन दारात उभी राहिली. त्यानं पहिली बाटली उघडून उलटी केली. मोरीत पांढरा फेस पसरला. त्याला थंड तुषार तेवढे पायावर जाणवले. तिला मात्र सगळा वास येत असणार, माल्टचा, हॉप्सचा, उन्हात वाळवलेल्या संत्र्याच्या सालीचा. त्याच्या हातून इतकी चांगली बिअर कित्येक वर्षांत झाली नव्हती, आणि हे त्या घरात तिच्याइतकं कोणाच्याच नाकाला कळत नव्हतं.

तो मुद्दाम हळू ओतत होता. प्रत्येक बाटलीनंतर थांबायचा, बूच खाली ठेवायचा, पुढची हातात घ्यायचा. थांबा, एवढं म्हणाली असती तरी पुरे होतं. अठरा बाटल्या झाल्या. वीस झाल्या. शेवटची बाटली त्यानं हातात तशीच धरून ठेवली आणि मान वळवून तिच्याकडे बघितलं.

तिनं डोळे पुसले.

“सांभाळून उठा,” ती म्हणाली, “फरशी ओली आहे.”

हेमंतनं बाटली उघडली आणि मोरीत ओतली.